गुरुजींचा पाहुणा

रामटेके गुरुजी मला आधी ऐकू आले, दिसले नंतर.

लग्न होऊन मी भंडाऱ्याहून नागपुरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. नंदनवनच्या अलीकडे आमची वस्ती होती. वर कवेलूंचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एकच भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली. शेजारी कोणी सुस्कारा टाकला तरी आमच्याकडे कळायचं. मी चहाचं आधण ठेवत होते आणि पलीकडून एकदम आवाज फुटला, "कुठं गेली ते? काल तर इथंच होती! कोण नेली? आज सापडू दे मले, मग दाखवतो!"

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. मला वाटलं, शेजारच्यांची मुलगी पळून गेली. मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. ते आरशासमोर दाढी करत होते. गालावरचा फेस न हलवता म्हणाले, "स्टोची पिन असन."

पिनच होती. ती सापडली, स्टो पेटला, आणि अर्ध्या तासानं आमच्या दारात एक उंच, हडकुळे गृहस्थ उभे राहिले. जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, आणि हातात झाकलेली ताटली. "सूनबाई, पोहे आणले. तर्रीचा रस्सा वेगळ्या वाटीत आहे. सकाळी थोडा आवाज झाला असन, मनावर नको घेऊ." एवढं सांगून ते पाठमोरे झाले. पुढे मला या पोह्यांची सवय झाली. भिंतीपलीकडे मोठा भडका उडाला की त्या दिवशी आमच्याकडे काही ना काही झाकून येई. साध्या भडक्याला पोहे आणि मोठ्या भडक्याला सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी.

गुरुजी शाळेत शिकवत नव्हते. एका सरकारी कचेरीत कारकून होते. पण दर रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात ते धम्म समजावून सांगत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. छप्पन सालच्या दीक्षेला ते ऐन तरुण होते. आईवडिलांचा हात धरून गेलो आणि त्यांच्यासकट नवा होऊन आलो, असं ते सांगत. आपण जे स्वीकारलं ते आपल्याला कळलं पाहिजे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. पाली शिकले, मिळेल ते वाचलं. पण वाचलेलं जसंच्या तसं बोलून दाखवणं त्यांना पटत नसे. "जे माझ्या आईले कळत नाही, ते मलेही कळलं नाही असं समजतो मी," असं म्हणायचे.

एकदा बाहेरगावचे एक भन्तेजी आले होते. विद्वान आणि फार प्रेमळ. त्यांनी शुद्ध हिंदीत प्रतीत्यसमुत्पादावर प्रवचन दिलं. सगळं ऐकून झाल्यावर पुढे बसलेली भिवराबाई गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, आवाज गोड होता भन्तेजींचा. पण बोलले काय?"

गुरुजींनी तिलाच विचारलं, "तुह्या घरी काल लय धूर झाला होता. काहून झाला वं?"

"लाकडं ओली होती."

"ओली काहून?"

"बाहेर अंगणात राहिली, दवात."

"आत काहून नाही घेतली?"

भिवराबाई जरा घुटमळली. "सुनेनं घ्यायची होती. पण आमचं भांडण झालं होतं. ते म्हणे तुम्ही घ्या, मी म्हणलं तूच घे."

"मंग तुह्या डोळ्यात धूर कशाचा गेला? लाकडाचा का भांडणाचा?"

भिवराबाईनं तोंडाला पदर लावला. "भांडणाचाच म्हणायचा."

"झालं. भन्तेजींनी हेच सांगितलं. एकातून दुसरं निघते. धूर नको असन तर पंखा घेऊन नाही बसायचं, मांगं मांगं जायचं."

भन्तेजींना मराठी कळत होतं. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले, आणि जाताना त्यांनी गुरुजींचे दोन्ही हात हातात घेतले.

असा हा माणूस. आणि याच माणसाला राग आवरत नसे. न उघडणाऱ्या छत्रीला ते शिव्या घालत, सायकलची साखळी उतरली की सायकलला लाथ मारत. वस्तूंपुरतं असतं तर ती गंमत होती. पण विमल आणि प्रकाश, त्यांची मुलं, शाळेतून घरात शिरताना आधी वडिलांच्या कानशिलाकडे बघत. तिथली शीर उठलेली असली की दप्तर ठेवून आल्या पावली आमच्याकडे येत. विमल आमच्या घरी खूप बोलायची, हसायची. भिंतीपलीकडे गेली की तिचा आवाज मला कधी ऐकू यायचा नाही.

जनाबाई, त्यांची बायको, या सगळ्यात स्थिर. ठेंगणी, गोल, कपाळावर कायम पीठ लागलेलं. गुरुजी ओरडू लागले की ती भाकरीचं पीठ मळायला घेई. मला म्हणाली होती, "यांच्या रागाच्या भाकरी लय मऊ होतात."

तो रविवार मला चांगला आठवतो. हिवाळा होता. विहारात सतरंज्यांवर माणसं उन्हाची जागा धरून बसली होती. विषय होता क्षांती, म्हणजे सहन करण्याची ताकद. गुरुजी रंगात आले होते. मागच्या भिंतीला टेकून धनराज बसला होता. सुपारी कातरण्याचा त्याला नाद. गुरुजी म्हणत, "क्षमा करणारा माणूस दुबळा नसतो," आणि मागून अडकित्त्याचा कट्ट आवाज येई. "जमीन पाहा, तिच्यावर कोणी काहीही टाको..." कट्ट. "...ते रागावत नाही..." कट्ट.

गुरुजींनी दोनदा थांबून तिकडे पाहिलं. धनराजचं लक्ष सुपारीत. पुढच्या कट्टला ती कानशिलावरची शीर फुगली आणि गुरुजी गरजले, "बंद कर बे तो अडकित्ता! अक्कल गहाण टाकली का? निघ इथून! निघ म्हणतो ना!" आणि हाताला लागेल ते फेकायचं म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून फेकला. तो धनराजपर्यंत पोचलाही नाही. मधेच फरशीवर पडून फुटला.

सगळे मान वळवून त्या काचांकडे पाहू लागले. लहान मुलंसुद्धा. आणि भिवराबाईनं अगदी खऱ्या उत्सुकतेनं विचारलं, "आता धूर कुठून आला गा, गुरुजी?"

आधी एक बाई फिसकन हसली. मग सगळा विहार हसला. धनराजही हसला. गुरुजींचा चेहरा मात्र पांढरा पडला. ते उठले, चपलाही न घालता बाहेर पडले, आणि चष्मा नसल्यामुळे भिंतींना चाचपडत घरी गेले. मागे त्यांच्या चपला हातात घेऊन विमल चालली होती.

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. मला चैन पडेना. गुरुजी कचेरीतून येत, जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. शुक्रवारी जनाबाईचा आवाज आला, "अजी, आयकता का? इतकी वर्षं हे मी आयकून राहिली. एक डाव वस्तीनं आयकलं तर एवढं काय झालं?"

पलीकडे बाज करकरली. मग गुरुजी हळू म्हणाले, "मी त्याईले जे सांगतो ना जना, ते मलेच येत नाही."

"मंग तेच सांगा."

रविवारी गुरुजी विहारात गेले. नवा चष्मा झाला नव्हता. फुटक्या भिंगावर कागदाची पट्टी चिकटवलेली. धनराजला त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. मग म्हणाले, "क्षांतीवर बोलायचा मले अधिकार नाही. पुस्तकातलं मी सांगणार नाही आता. दर रविवारी, त्या आठवड्यात मले राग कसा आला, कुठून आला, त्यानं माह्याकडून काय करवून घेतलं, तेवढंच सांगीन. तुमचं काम एकच. मी कोणावर भडकलेला दिसलो तर इथं येऊन सगळ्यासमोर सांगायचं. लाजायचं नाही."

वस्तीला इतकं आवडीचं काम आजवर कोणी दिलं नव्हतं.

पोट्ट्यांनी तर धुमाकूळ घातला. गुरुजी सायकलवरून आले की कोणी घंटी वाजवून पळे, कोणी विटी नेमकी त्यांच्याच अंगणात मारे आणि दार धरून उभा राही, भडकतात का बघायला. दूधवाला दूध मापताना मुद्दाम सांडून त्यांच्या तोंडाकडे पाही. धनराज त्यांच्या खिडकीखाली बसून सुपारी कातरू लागला. कातरता कातरता आत डोकावून विचारी, "गुरुजी, काही होऊन राहिलं का?"

आणि भिंतीपलीकडे एक नवाच संवाद सुरू झाला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काही कळलं नाही. गुरुजी दात आवळून म्हणाले, "जना, आला!"

जनाबाई शांतपणे, "कोण?"

"तोच."

"बसू द्या त्याले."

"बसत नाही ना! दारात उभा राहून बोंबलून राहिला!"

"बोंबलू द्या. चहा नका देऊ फक्त."

मग नुसता परातीत पीठ मळल्याचा आवाज. नंतर गुरुजींचा मोकळा श्वास, आणि जनाबाईचा प्रश्न, "गेला का?"

"गेला."

रागाला त्यांनी पाहुणा केलं होतं. विहारात ते हे फार साध्या भाषेत सांगत. "बुद्धानं आपल्याले सांगितलं की येणारं जाते. मी ते मरणाबद्दल समजत होतो, दुःखाबद्दल समजत होतो. रागाबद्दलही तेच आहे हे मले माहीतच नव्हतं. मले वाटे, राग म्हणजे मीच. तसं नाही. तो येते. मी घरातच असतो. त्याले मी मालक समजून घराच्या चाव्या देत होतो, एवढीच माही चूक."

नेहमीच जमे असं नाही. एकदा सकाळी गजराचं घड्याळ वेळेवर वाजलं नाही, तर ते आमच्या डोळ्यांदेखत गल्लीत येऊन पडलं आणि तिथं पडल्यावर वाजायला लागलं. त्या रविवारी भिवराबाईनं आधीच विचारलं, "घड्याळाची तब्येत कशी आहे गा?" आणि गुरुजींनी हसत, पण काही न लपवता, सगळं सांगितलं. रात्री झोप झाली नव्हती, कचेरीत साहेब टोचून बोलला होता, ते गिळून घरी आणलं होतं, आणि बिचारं घड्याळ समोर आलं. "मांगं मांगं गेलो," ते म्हणाले, "तर त्या घड्याळाचा काहीच दोष नव्हता."

विहार भरू लागला. आधी लोक मजा बघायला येत. मग कोणी कोणी स्वतःचंही बोलू लागले. एका बाईनं सांगितलं की जावेकडे पंखा आला तेव्हापासून तिला स्वतःच्या घरात जास्त उकडतं. धनराज एकदा उठला, अडकित्ता खिशात ठेवला, आणि दारूबद्दल बोलला. त्या दिवशी कोणी हसलं नाही. गुरुजी त्याला काही शिकवायला गेले नाहीत. फक्त म्हणाले, "तुह्या पाहुण्याले माह्या पाहुण्यापेक्षा जास्त दिवस राहायची सवय दिसते. मी संध्याकाळी येत जाईन, दोघं मिळून बसू." आणि खरंच ते कितीतरी दिवस कचेरीतून आल्यावर धनराजच्या ओट्यावर जाऊन बसत. बहुतेक वेळा नुसतेच. सुपारी खात.

या सगळ्यात एकच माणूस खूश नव्हता. सिद्धार्थ. कॉलेजात शिकणारा, हुशार, डोळ्यांत निखारे. खेड्यापाड्यांतून काय काय चाललंय हे तो वाचायचा, जाऊन पाहायचा, आणि त्याला झोप येत नसे. एका रविवारी तो उभा राहिला. "गुरुजी, तुम्ही घड्याळावरचा राग सोडा नाहीतर अडकित्त्यावरचा. पण आमच्या पिढीले राग सोडायले नका शिकवू. आपल्या माणसाले विहिरीवरून हाकलतात, मारतात, तरी पाहुणा म्हणून बसवायचं का? शांत राहून राहूनच तर इतका काळ गेला."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुहं म्हणणं खोटं नाही. माह्याजवळ याचं उत्तर नाही आज. सापडलं तर सांगीन. नाही सापडलं तर तेही सांगीन."

सिद्धार्थला उत्तराची अपेक्षाच नव्हती. तो खाली बसला.

उन्हाळ्यात वस्तीतल्या एका मुलाचं लग्न मौद्याच्या पुढच्या एका गावात झालं. ट्रकनं वऱ्हाड गेलं. परतताना दुपारी एका फाट्यावर ट्रकचं चाक पंक्चर झालं. रशीदभाई ड्रायव्हर जॅक काढून कामाला लागला आणि आम्ही सगळे समोरच्या चहाच्या हॉटेलात शिरलो. गवताचा मांडव, चार बाकं, भट्टीवर मोठी किटली, मागच्या फळीवर निळ्या फुलांच्या कपबशा. मालकानं हसून स्वागत केलं. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बसता बसता जयभीम म्हटलं, आणि मालकाचं हसू विझलं. त्यानं मांडवाच्या बाहेरच्या बाजूला एका फळकुटावर पालथे घातलेले कप काढले. कान तुटलेले, टवके उडालेले. ते आमच्यासमोर मांडले.

सिद्धार्थनं एक कप उचलला आणि आपटला.

माझी नजर आपोआप गुरुजींच्या कानशिलाकडे गेली. ती शीर मी कधी इतकी फुगलेली पाहिली नव्हती. मी मनात म्हटलं, आता किटली उलटते, आता इथं मारामारी होते. बरोबर बायका होत्या, लेकरं होती, आणि गाव परकं होतं. जनाबाई गुरुजींच्या शेजारी उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "आला का?"

"आला," गुरुजी म्हणाले. "लय मोठा आहे, जना."

"बसू द्या."

गुरुजी वाकले. फुटलेल्या कपाचे तुकडे त्यांनी एकेक करून वेचले, कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून कोपऱ्यात ठेवले. मग पहिल्या बाकावर बसले आणि मालकाला म्हणाले, "मालक, आम्ही चहा घेऊ. त्या निळ्या कपात. आम्हाले घाई नाही."

"त्या कपात नाही भेटत."

"भेटेपर्यंत बसतो."

आम्ही सगळे बसलो. बाकं संपली तर जमिनीवर. मालक म्हणाला, पोलीस बोलावतो. गुरुजी म्हणाले, "बोलवा. कायदा काय आहे ते त्याईले माहीत आहे. मले सांगायची गरज पडणार नाही." मालकानं कोणाला बोलावलं नाही. गावातला एक शेतकरी बैलगाडी थांबवून आत आला. गुरुजींनी सरकून त्याला जागा दिली आणि आवाज न चढवता सांगितलं, की आम्ही चहासाठी बसलो आहोत, पण आम्हाले वेगळे कप देऊन राहिले. शेतकऱ्यानं मालकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. त्याच्यापुढे निळ्या कपात चहा आला. इतकी माणसं समोर तहानलेली बसलेली. त्याच्यानं तो पिववेना. कप तसाच ठेवून तो गाडीवर जाऊन बसला.

ऊन मांडवात आलं. लेकरं कुरकुरू लागली. सिद्धार्थ दोनदा उठला, दोनदा गुरुजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. चाक बसवून झालं. रशीदभाईनं भोंगा वाजवला. कोणी उठलं नाही. पुन्हा वाजवला. मग तो तेलकट हात पुसत आत आला, "क्या हुआ? चलना नहीं है?" कोणीतरी सांगितलं. त्यानं मालकाकडे एकदा पाहिलं आणि धपकन जमिनीवर बसला. "तो फिर मैं भी इनके साथ ही पिऊंगा."

शेवटी आतल्या बाजूचा पडदा सरला आणि मालकाची बायको बाहेर आली. कडेवर मूल, घामानं चिंब. नवऱ्याला म्हणाली, "त्याईचे लेकरं रडून राहिले, आपलं दूध आटून राहिलं, आणि तुम्ही पुतळ्यावानी उभे! सरका बाजूले." तिनं मूल माझ्या मांडीवर दिलं, फळीवरून निळे कप काढले आणि चहा ओतायला लागली. पहिला कप गुरुजींना.

गुरुजींनी कपबशी दोन्ही हातांनी धरली. एक घोट घेतला आणि म्हणाले, "बाई, चहा चांगला आहे. साखर मात्र कमी पडली."

आधी ती हसली. मग आम्ही सगळे. सिद्धार्थसुद्धा, डोळे पुसत. मालक पाठ फिरवून भट्टीत लाकडं सारत राहिला. फळकुटावरचे कप आम्ही निघालो तेव्हा तिथंच होते. पुढे राहिले का गेले, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी थेट सिद्धार्थकडे पाहिलं. "तुह्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. अर्धंमुर्धं सापडलं आहे. राग सोडायचा म्हणजे भांडण सोडायचं, असं तुले वाटत होतं. मलेही वाटत होतं. तसं नाही. रागाले लय घाई असते गा. त्याले कप फोडून लवकर घरी जायचं असते. फोडले असते तर आपण मोकळे झालो असतो आणि त्या फळकुटावर दुसऱ्या दिवशी नवे फुटके कप आले असते. मले तिथं दिवसभर बसायचं होतं. रागाच्या भरवशावर दिवसभर बसता येत नाही."

"पण तुम्हाले राग आला होता," सिद्धार्थ म्हणाला. "मी पाहिला."

"आला होता ना! माह्या शेजारी बाकावरच बसून होता तो. फक्त बोलायचं काम मी त्याले दिलं नाही."

त्यानंतर सिद्धार्थ खेड्यांतल्या अशा कामांसाठी जायचा तेव्हा गुरुजींना बरोबर घेऊन जाऊ लागला. कुठं पाणवठ्यावर बसायचं असलं, कुठं शाळेतल्या मुलांना वेगळं बसवलं म्हणून शाळेच्या दारात बसायचं असलं, की वस्तीतून दोघं निघत. सिद्धार्थ कायदा बोले, गुरुजी बसत. दर वेळी काम होईच असं नाही. पण आधी तो एकटा जाऊन डोकं फोडून घेऊन येई, ते थांबलं.

आणि घरी? फाट्यावरच्या त्या दिवसानंतर काही दिवसांनीच छत्री उघडेना म्हणून गुरुजी तिला असं काही बोलले, की माझ्या नवऱ्याच्या हातातला वस्तरा थांबला. आमच्याकडे सांबारवडी आली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट मी एका संध्याकाळी ऐकली. भिंतीपलीकडून मोठमोठ्यानं वाद चालला होता. कान देऊन ऐकलं तर तो विमलचा आवाज होता. तिला नर्सिंगला जायचं होतं, गुरुजींना तिनं बी.ए. करावं असं वाटत होतं. "बाबा, तुम्ही आयकूनच नाही घेऊन राहिले माहं!" ती ओरडत होती. वडिलांवर ओरडत होती! आणि गुरुजी हसत होते. "आयकून राहिलो ना वं! सांग, पुन्यांदा सांग!" मी हातातलं काम ठेवून भिंतीला टेकून बसले आणि ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं. विमल नर्सिंगलाच गेली.

निवृत्तीनंतर गुरुजींनी हुडकेश्वरकडे छोटं घर बांधलं. तेव्हा तिकडे नुसती शेतं आणि आखलेले प्लॉट. आमचीही बदली झाली. वस्तीत पक्क्या भिंती उठल्या, शेजाऱ्यांचे सुस्कारे ऐकू येईनासे झाले. गुरुजी गेल्याचं मला परगावी कळलं. झोपेत गेले, असं विमलनं सांगितलं. मी रडले. पण रडता रडता मला आठवली ती आमची शेवटची भेट, आणि हसू आलं.

गुरुजींनी वयाची ऐंशी ओलांडल्यानंतरची गोष्ट. काही कामानं नागपुरात आले होते म्हणून रिक्षा करून हुडकेश्वरला गेले. उतरले तर गुरुजी कुंपणाच्या आत बागेत उभे. बनियन, धोतर, डोक्यावर ओला पंचा. समोर एक भली मोठी काळी म्हैस, आणि तिच्या तोंडात गुरुजींची मेथी. अर्धा वाफा साफ झालेला. गुरुजी तिच्यापुढे हात मागे बांधून उभे राहून काहीतरी बोलत होते, अगदी विहारात बोलत त्या सुरात, थांबून थांबून. म्हैस रवंथ करत ऐकत होती.

"गुरुजी!" मी हाक मारली.

त्यांनी वळून पाहिलं. तोंडभर हसले. "ये सूनबाई, ये! बस आत, जना आहे. मी आलोच. इले थोडं समजावून राहिलो."

"समजून राहिली का?"

"नाही ना," गुरुजी म्हणाले. "पण उठून चालली नाही अजून."

आत जनाबाईजवळ मी तासभर बसले. निघायची वेळ झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. रिक्षात बसताना मी मागे वळून पाहिलं. गुरुजींनी कुंपणाची तार एका बाजूनं उचलून धरली होती, म्हशीला बाहेर जायला वाट व्हावी म्हणून. म्हैस काही जात नव्हती. ती मान पुढे करून उभी होती, आणि गुरुजी दुसऱ्या हातानं तिच्या गळ्याखाली खाजवत होते.